नोबिले आणि तितिना

लहानशा विमानात बसावे, शेजारी आपला आवडता कुत्रा घ्यावा आणि सुट्टीत देशोदेशी हिंडावे, अशी हौस युरोप-अमेरिकेत आज पुष्कळांना असते. सकाळी एका गावी न्याहारी करावी, दुपारी दुसऱ्याच देशातील हिरव्या माळावर उतरावे आणि कुत्र्याला मोकळे सोडावे, इतके हे उडणे आता सोपे झाले आहे. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी, आकाशातून प्रवास करणे हीच मोठी नवलाई होती, तेव्हा एका इटालियन गृहस्थाने आपल्या कुत्रीला बरोबर घेऊन जे उड्डाण केले ते सहलीचे नव्हते. ते चिमुकले जनावर आपल्या धन्याबरोबर दोनदा उत्तरध्रुवावर जाऊन आले. धन्याला जगभर कीर्ती मिळाली ती अशाच प्रवासाने, आणि त्याच्या नावाला काळिमा लागला तोही अशाच प्रवासाने. धन्याचे नाव उंबेर्तो नोबिले आणि कुत्रीचे नाव तितिना.

नोबिलेचा जन्म 21 जानेवारी 1885 रोजी दक्षिण इटलीतील लाउरो या लहानशा गावी झाला. नेपल्सच्या विद्यापीठात त्याने यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले आणि काही काळ रेल्वेत नोकरी केली. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती होण्यासाठी तो तीनदा गेला आणि तिन्ही वेळा प्रकृती अशक्त म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. मग त्याने आपले सारे लक्ष वायुनौका बांधण्याकडे वळवले.

वायुनौका म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे, कारण आज ती फारशी कोठे दिसत नाही. हायड्रोजन हा वायू हवेपेक्षा पुष्कळच हलका. तो भरलेली कापडाची एक प्रचंड लांबट पिशवी, तिच्या पोटाखालून गेलेला धातूचा कणा, त्याला टांगलेली माणसांची खोली आणि पंखे फिरवणारी इंजिने, अशी तिची रचना. विमान वेगाच्या जोरावर हवेत राहते. वायुनौका पाण्यावरील लाकडासारखी हवेत तरंगते. तिच्यात मोठे दोषही होते. हायड्रोजन चटकन पेट घेतो, आणि कापडावर बर्फ साचून नौका जड झाली की ती खाली येऊ लागते.

अशी एक नौका नोबिलेने रोम येथे बांधली होती. दक्षिणध्रुवावर सर्वांत आधी, 14 डिसेंबर 1911 रोजी, पाऊल ठेवणारा नॉर्वेचा वीर रोआल्ड अमुंडसेन याला आता उत्तरध्रुवावरून आकाशमार्गे पलीकडे अमेरिकेपर्यंत जायचे होते. लिंकन एल्सवर्थ या अमेरिकन धनिकाच्या साहाय्याने ती नौका विकत घेण्यात आली. तिचे नाव ‘नॉर्गे’, म्हणजे नॉर्वे, असे ठेवण्यात आले आणि ती चालवण्याचे काम नोबिलेकडे आले. 106 मीटर लांबीची ती नौका 10 एप्रिल 1926 रोजी रोमहून निघाली आणि इंग्लंड, नॉर्वे व रशिया असे टप्पे घेत 7 मे रोजी स्पिट्सबर्गेन बेटावरील किंग्ज बे या ठिकाणी पोचली. तेथे तिला बांधण्यासाठी एक उंच लोखंडी मनोरा उभारलेला होता.

तितिना ही कोणी उंची जातिवंत कुत्री नव्हती. रोमच्या रस्त्यावर भुकेने कासावीस झालेले ते लहानसे पिल्लू नोबिलेला सापडले होते. त्याने तिला घरी आणले, आणि तेव्हापासून ती त्याची पाठ सोडीना. ध्रुवाच्या मोहिमेत प्रत्येक वस्तू तोलून घ्यावी लागत होती. अशा वेळी कुत्री कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणार. अमुंडसेनला ही गोष्ट मुळीच रुचली नाही. त्याचे कुत्र्यांशी नाते निराळे होते. दक्षिणध्रुवाच्या स्वारीवर तो 52 कुत्री घेऊन निघाला होता आणि त्यांतील अवघी 11 परत आली. बाकीची बहुतेक वाटेत मारून माणसांना व उरलेल्या कुत्र्यांना खाऊ घालण्यात आली होती. कुत्रे म्हणजे गाडी ओढणारे आणि प्रसंगी पोट भरणारे जनावर, ही त्या बर्फाळ प्रदेशातील कठोर रीत होती. तीत अमुंडसेनचा दुष्टपणा होता असे म्हणता येणार नाही. परंतु नोबिलेच्या मांडीवर झोपणारी तितिना त्याला का खुपत असावी, हे यावरून कळते.

11 मे 1926 रोजी ‘नॉर्गे’ सोळा माणसे आणि तितिना यांना घेऊन निघाली. मध्यरात्र उलटल्यावर दीडच्या सुमारास ती उत्तरध्रुवावर आली. त्या दिवसांत तेथे सूर्य मावळतच नाही, म्हणून रात्री दीड वाजताही लख्ख उजेड होता. नॉर्वे, अमेरिका व इटली या तीन देशांची निशाणे खालच्या बर्फावर सोडण्यात आली. पुढचा प्रवास खडतर झाला. धुके दाटले, बिनतारी यंत्राच्या तारेवर बर्फ चढून ते मुके झाले आणि पंख्यांवरून उडालेले बर्फाचे तुकडे कापडाला भोके पाडू लागले. 14 मे रोजी नौका अलास्कातील टेलर या वस्तीजवळ उतरली. युरोपातून ध्रुवावरून थेट अमेरिकेत, असा प्रवास यापूर्वी कोणीही केला नव्हता.

यश मिळाले आणि त्याबरोबर भांडणही आले. मोहीम कोणाची, नेता कोण, मान कोणाचा, यावरून अमुंडसेन व नोबिले यांचे इतके बिनसले की दोघांनी एकमेकांवर जाहीर टीका केली. थोर माणसेही मानापमानाच्या बाबतीत कधी कधी लहान मुलांहून लहान होतात. इटलीत मात्र नोबिलेचा जयजयकार झाला आणि त्याला सेनापतीचा हुद्दा मिळाला.

दोन वर्षांनी त्याने ‘इटालिया’ नावाची दुसरी नौका घेऊन, या वेळी सर्वस्वी आपल्या नेतृत्वाखाली, पुन्हा ध्रुवाची वाट धरली. 23 मे 1928 रोजी पहाटे ‘इटालिया’ किंग्ज बे येथून निघाली. याही वेळी सोळाच माणसे होती, आणि तितिना होतीच. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात ते ध्रुवावर पोचले. काही शास्त्रज्ञांना बर्फावर उतरवून निरीक्षणे करावीत असा बेत होता, पण वाऱ्यामुळे तो सोडून द्यावा लागला. इटलीचे निशाण आणि पोपने दिलेला लाकडी क्रूस खाली सोडून ते परत फिरले. आता वारा समोरून येत होता. धुके, बर्फ आणि वारा यांच्याशी चोवीस तासांहून अधिक काळ झगडल्यावर, 25 मे रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास नौकेची शेपटी एकाएकी जड होऊन खाली झुकली आणि काही क्षणांत ती बर्फावर आदळली.

माणसांची खोली फुटली आणि दहा जण बर्फावर फेकले गेले. त्यांतील पोमेल्ला हा यंत्रज्ञ मरण पावला. ओझे कमी होताच नौका पुन्हा वर उचलली गेली आणि आत राहिलेल्या सहा जणांना घेऊन वाऱ्याबरोबर निघून गेली. त्यांचा पत्ता कधीही लागला नाही. त्या सहांत आर्दुइनो नावाचा मुख्य यंत्रज्ञ होता. नौका दूर चालली असता, आपले काय होणार हे दिसत असूनही, हाताला लागेल ते सामान तो खालच्या सोबत्यांसाठी भराभर फेकीत राहिला. खाली उरलेली माणसे पुढे जगली ती पुष्कळशी त्याच सामानावर.

नोबिलेचा पाय व हात मोडला होता आणि डोक्याला जखम झाली होती. चेचिओनी नावाच्या धिप्पाड यंत्रज्ञाचाही पाय मोडला होता. तितिनाला मात्र इजा झाली नव्हती. पडलेल्या सामानात एक लहान तंबू आणि एक छोटे बिनतारी यंत्र सापडले. उंची मोजण्यासाठी आणलेल्या लाल रंगाने त्यांनी तंबू रंगवला, कारण पांढऱ्या बर्फावर पांढरा तंबू वरून कोणाला दिसणार? ‘लाल तंबू’ या नावाने तो पुढे जगाला ठाऊक झाला. बिआजी हा संदेशवाहक रात्रंदिवस मदतीची हाक देत होता, पण किंग्ज बे येथे उभ्या असलेल्या त्यांच्याच जहाजाला ती ऐकू येत नव्हती. ती ऐकली फार दूर, उत्तर रशियातील एका खेड्यात. तेथील निकोलाय श्मिट नावाच्या हौशी तरुणाने आपल्या घरगुती यंत्रावर 3 जून रोजी ती पकडली.

त्यापूर्वीच तिघे जण मदत आणण्यासाठी पायी निघून गेले होते. त्यांत स्वीडनचा हवामानशास्त्रज्ञ माल्मग्रेन हा होता. त्याच्या खांद्याला दुखापत झालेली होती. चालवेना तेव्हा त्यानेच सोबत्यांना आपल्याला सोडून पुढे जाण्यास विनवले, असे ते मागाहून सांगत. तो बर्फातच राहिला.

हाक ऐकू येताच अनेक देशांतून जहाजे व विमाने निघाली. अमुंडसेनला तर नौका बेपत्ता झाल्याची बातमी ओस्लो येथे एका मेजवानीत समजली होती. नोबिलेशी त्याचे बोलणे तुटलेले होते. तरीही आपण तत्काळ निघण्यास तयार आहोत असे त्याने तेथल्या तेथे सांगितले. 18 जून रोजी एका फ्रेंच समुद्रविमानात बसून तो आणि त्याचे पाच सोबती ट्रॉम्सो बंदरातून उडाले. काही तासांनी त्यांच्याकडून येणारे संदेश थांबले. पुढे ऑगस्टच्या अखेरीस त्या विमानाचा एक तरंगता भाग समुद्रात सापडला.

23 जून रोजी लुंडबोर्ग हा स्वीडिश वैमानिक चाकांऐवजी लाकडी पट्ट्या लावलेले छोटे विमान घेऊन लाल तंबूजवळ उतरला. त्यात एकाच माणसापुरती जागा होती. कोणी कोणत्या क्रमाने जायचे हे नोबिलेने आधीच ठरवले होते. पहिला चेचिओनी आणि स्वतः चौथा. परंतु आपण प्रथम सेनापतीलाच नेणार, असा हट्ट लुंडबोर्गने धरला. चेचिओनी फार जड आहे. शोधकार्याला दिशा देण्यासाठी नेताच जहाजावर हवा. इतरांना आपण मागाहून नेऊ, असे त्याचे म्हणणे होते. नोबिलेने विरोध केला. सोबत्यांनीही त्याला जाण्याचा आग्रह केला. शेवटी तो कबूल झाला. मोडलेल्या पायाच्या माणसाला उचलून विमानात ठेवण्यात आले, आणि तितिनाही त्याच्याबरोबर गेली.

मुलांनो, त्या एका क्षणाने नोबिलेच्या आयुष्याची दिशा बदलली. लुंडबोर्ग दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचे विमान बर्फावर उलटले आणि सुटका करणारा स्वतःच अडकून पडला. 6 जुलै रोजी त्याच्या सोबत्याने मॉथ जातीच्या चिमुकल्या विमानातून येऊन त्याला नेले. एरवी हौशी लोक सहलीला वापरीत तसलेच हे विमान. बाकीचे पाच जण तंबूतच राहिले. ‘क्रासिन’ ही बर्फ फोडणारी रशियन आगबोट 12 जुलै रोजी तेथे पोचली आणि 48 दिवसांनी त्यांची सुटका झाली. पायी गेलेल्या तिघांपैकी दोघांनाही तिनेच त्याच दिवशी उचलले.

इकडे नोबिले जहाजावर पोचला खरा, पण शोधाची सूत्रे त्याच्या हाती देण्यात आली नाहीत. उलट नेता सोबत्यांना टाकून सर्वांच्या आधी आला, आणि तोही कुत्री घेऊन, अशी त्याची निंदा सुरू झाली. जहाज बुडताना कप्तानाने शेवटी उतरावे हा दर्यावर्दींचा जुना नियम आहे, आणि तो योग्यच आहे. नोबिलेला तो ठाऊक नव्हता काय? ठाऊक होता, म्हणूनच तर त्याने प्रथम नकार दिला. त्याने शेवटपर्यंत नकारच द्यायला हवा होता, असे मला वाटते. पण बर्फावर महिनाभर पडून राहिलेल्या, हातपाय मोडलेल्या माणसाला शेकोटीजवळ बसून दोष देणे फार सोपे असते. तितिनाबद्दल जे हसले त्यांचे तर मला नवलच वाटते. तिने कोणाचीही जागा अडवली नव्हती. आपल्या महाभारतात धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही सोबतच्या कुत्र्याला टाकले नाही म्हणून आपण त्याला वाखाणतो.

इटलीच्या चौकशी मंडळाने 1929 साली सारा दोष नोबिलेवर ठेवला. त्याने हुद्द्याचा राजीनामा दिला. त्यानंतर काही वर्षे रशियात राहून त्याने तेथे वायुनौका बांधण्यास मदत केली आणि पुढे अमेरिकेत विमानविद्या शिकवली. दुसरे महायुद्ध संपल्यावर, 1945 साली, त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले आणि हुद्दा परत मिळाला. 1946 मध्ये इटलीची घटना तयार करणाऱ्या सभेवर तो निवडून गेला. नेपल्सच्या ज्या विद्यापीठात तो शिकला तेथेच त्याने पुष्कळ वर्षे अध्यापन केले. ‘इटालिया’च्या अखेरच्या दिवसांविषयी तो उतारवयातही लिहीत राहिला.

30 जुलै 1978 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी, रोम येथे त्याला मरण आले. किंग्ज बे येथील तो लोखंडी मनोरा आजही बर्फात उभा आहे. त्याच्या शोधासाठी निघालेल्या अमुंडसेनचे विमान मात्र अजून सापडलेले नाही.