विश्वनाथ काशिनाथ राजवाडे
विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (इ.स. १८६३ – ३१ डिसेंबर, इ.स. १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक व भाषाभ्यासक होते. 'इतिहासाचार्य' या उपाधीने ते ओळखले जातात.

अस्सल कागदपत्रांवाचून इतिहास लिहू नये, असा त्यांचा आग्रह होता. जुन्या घराण्यांची दप्तरे वाळवीने व ओलीने नष्ट होत असताना त्यांनी स्वतः गावोगाव हिंडून मूळ हस्तलिखित पत्रे मिळवली. त्यांतूनच इ.स. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड सिद्ध झाले. इ.स. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला.

धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी इ.स. १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.