रुग्णसेवेला प्रतिष्ठा देणाऱ्या रमाबाई रानडे

बुलढाणा जिल्ह्यातील खेडोपाडी हृदयरोग्याची शुश्रूषा बहुधा घरच्याच माणसांवर येते. अशा कुटुंबांना पाहून आम्हांला रमाबाई रानडे यांचे स्मरण होते.

देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या रमाबाईंचा विवाह १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. पतीनेच त्यांना शिक्षण दिले. पुढे न्यायमूर्ती हृदयविकाराने आजारी पडले. रमाबाईंनी त्यांची मनोभावे सेवा केली, तरी १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

दुःख गिळून रमाबाई समाजकार्यात उतरल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. परिचारिकेचे काम हलके मानले जाई, त्या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने तरुण स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी पाठविले. १९२४ साली त्या निवर्तल्या.

मायेला ज्ञानाची जोड हवी, हेच त्यांच्या कार्यातून आपण शिकतो. म्हणून प्रिय वाचकहो, रुग्णाला घरी नेताना परिचारिका औषधे, मीठ व विश्रांतीविषयी जे सांगते, ते नीट समजून घ्यावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये. छातीत कळ आली, दम लागला वा दरदरून घाम सुटला, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.