रॉबर्ट डाउन्स : ग्रंथाचे सामर्थ्य आणि वाचकाचे स्वातंत्र्य

ग्रंथावर बंदी घालू पाहणाऱ्याला त्याच्या सामर्थ्याची धास्ती असते. बंदीला विरोध करणारा मात्र पुष्कळदा तो ग्रंथ निरुपद्रवी आहे असे सांगून त्याचा बचाव करतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे ग्रंथपाल रॉबर्ट बिंगहॅम डाउन्स यांनी हा सोपा मार्ग पत्करला नाही. ग्रंथ समाजाला हादरवू शकतात हे पूर्णपणे मान्य करून त्यांनी वाचनस्वातंत्र्याचा पुरस्कार केला. त्यांच्या कार्याचे महत्त्व या भूमिकेत आहे.

डाउन्स यांचा जन्म २५ मे १९०३ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील लेनॉर येथे झाला. चॅपेल हिल येथील राज्य विद्यापीठातून १९२६ साली पदवी घेतल्यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. मेन राज्यातील कोल्बी महाविद्यालयात काही काळ काम करून १९३१ मध्ये ते चॅपेल हिलला परतले आणि पुढील वर्षी तेथील ग्रंथपाल झाले. आर्थिक मंदीच्या त्या काळात शेजारच्या ड्यूक विद्यापीठाशी सहकार्य करून दोन्ही संस्थांनी ग्रंथखरेदीची क्षेत्रे वाटून घेतली. एकाच ग्रंथावर दोनदा खर्च करण्याऐवजी वाचकाला उपलब्ध होणाऱ्या ग्रंथांची कक्षा वाढवावी, हे सूत्र त्यांच्या पुढील कारकीर्दीतही दिसते. १९३८ ते १९४३ या काळात ते न्यूयॉर्क विद्यापीठात होते. १९४३ मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सूत्रे हाती घेतली आणि १९७१ पर्यंत ती सांभाळली.

या अठ्ठावीस वर्षांत इलिनॉयचा ग्रंथसंग्रह दुपटीहून अधिक वाढला आणि देशातील विद्यापीठीय ग्रंथालयांत हार्वर्ड व येल यांच्यानंतर त्याचे नाव घेतले जाऊ लागले. व्यावसायिक ग्रंथपालांना अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, यासाठीही डाउन्स यांनी सातत्याने प्रयत्न केले. ग्रंथनिवडीचा निर्णय ज्याच्यावर सोपवायचा, त्याला विद्यापीठात प्रतिष्ठा आणि पदाची शाश्वती नसेल, तर बाह्य दडपणापुढे तो टिकणे कठीण असते. या दृष्टीने पाहता दर्जाचा हा प्रश्न वाचनस्वातंत्र्याशी जोडलेला होता. युद्धोत्तर जपानमध्येही त्यांनी काम केले. १९४८ साली ते तेथील राष्ट्रीय संसद ग्रंथालयाचे सल्लागार होते, आणि १९५१ मध्ये केइओ विद्यापीठात सुरू झालेल्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे १९५२–५३ या वर्षी आले. साम्यवादविरोधी संशयाचे वातावरण तेव्हा टोकाला पोहोचले होते. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या दोन सहायकांनी एप्रिल १९५३ मध्ये युरोपातील अमेरिकी माहिती ग्रंथालयांची पाहणी केली. सरकारी आदेशांमुळे परदेशांतील अशा ग्रंथालयांतून अनेक लेखकांचे ग्रंथ काढले गेले. काही प्रती जाळल्या गेल्याचेही उघड झाले. मे महिन्यात ग्रंथपाल आणि प्रकाशक न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर येथे एकत्र जमले. त्या विचारविनिमयातून वाचनस्वातंत्र्याचे निवेदन आकाराला आले आणि जूनमध्ये संघटनेने ते स्वीकारले. ग्रंथ उपलब्ध करून देणे म्हणजे त्यातील मताला संमती देणे नव्हे, आणि लेखकाचे राजकीय संबंध ही ग्रंथ स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची कसोटी ठरू नये, हे त्याचे दोन प्रमुख मुद्दे होते. निवेदन हे एकट्या डाउन्स यांचे लेखन नव्हे. परंतु सरकारी नोकरीतील अनेकांची चौकशी चालू असताना संघटनेला या निर्णयापर्यंत नेण्याची जबाबदारी अध्यक्ष म्हणून त्यांच्यावर होती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याच महिन्यात त्यांना पत्र पाठवून विचारस्वातंत्र्याला पाठिंबा दर्शविला.

तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, ‘बुक्स दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ हा त्यांचा बहुचर्चित ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात निवडलेल्या सोळा ग्रंथांत न्यूटन आणि डार्विन यांच्याबरोबर मार्क्सचे ‘कॅपिटल’ आहे, हिटलरचे आत्मकथन आहे, आणि गांधीजींमुळे भारतीय वाचकाला परिचित झालेला थोरोचा सविनय कायदेभंगावरील निबंधही आहे. निवडीची कसोटी प्रभाव ही होती. ग्रंथाची नैतिक योग्यता ही नव्हती. घातक ग्रंथाचे सामर्थ्यही अभ्यासल्यावाचून कळत नाही, हा या निवडीचा मथितार्थ होय. १९६० मध्ये त्यांनी ‘द फर्स्ट फ्रीडम’ या संकलनात ग्रंथबंदीविषयक लेखन एकत्र आणले.

या कार्याची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. १९३० च्या दशकात डाउन्स ज्या चॅपेल हिलच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते, त्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १९५१ पर्यंत प्रवेश नव्हता. १९५३ च्या निवेदनात दक्षिणेकडील राज्यांच्या ग्रंथालयांतील वर्णभेदाचा उल्लेख नाही. कपाटातून ग्रंथ काढला जाणे आणि वाचकालाच दाराबाहेर ठेवले जाणे, ही एकाच निर्बंधाची दोन रूपे आहेत. त्यांपैकी पहिल्या रूपाकडेच तेव्हाच्या ग्रंथपालांचे अधिक लक्ष गेले.

इलिनॉयच्या ग्रंथालयशास्त्र विभागाने १९६९ मध्ये विचारस्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांकरिता डाउन्स यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. १९८४ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९९१ रोजी अर्बाना येथे त्यांचे निधन झाले. ग्रंथ समर्थ असतो म्हणूनच त्याच्यावर बंदीची मागणी होते, आणि त्याच कारणासाठी तो वाचकाला मिळाला पाहिजे, असा त्यांच्या आयुष्याचा निष्कर्ष काढता येतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा निष्कर्ष सोयीचा नाही. कारण तो मान्य केला, तर स्वतःला न पटणाऱ्या ग्रंथाच्या पाठीशीही उभे राहावे लागते.