कामकरी भगिनींचे मजूरमंत्री

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेतील पुरुष रणांगणावर गेले आणि त्यांच्या जागी स्त्रिया कारखान्यांत उभ्या राहिल्या. अमेरिकेत १९४३ साली बाही सरसावून दंड दाखविणाऱ्या कामकरी स्त्रीचे भित्तिपत्रक निघाले. पुढे ते जगभर गाजले. आपल्याकडे कोळशाच्या खाणीत उतरलेल्या स्त्रीचे चित्र मात्र कोणी भिंतीवर लावले नाही. तिच्या वाट्याला आला तो कायद्याचा आधार, आणि तो मिळवून देणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पुढे मुंबईत परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात ते राहिले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाचा पुरस्कार केला. दुसऱ्याच वर्षी कायदा झाला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्धात कोळसा अपुरा पडू लागला, तेव्हा १९३७ पासून बंद असलेले स्त्रियांचे खाणीच्या पोटातील काम सरकारने १९४३ साली पुन्हा सुरू केले. टीका पुष्कळ झाली. बाबासाहेबांनी ती तात्पुरती निकड मानली, पुरुषांइतक्याच मजुरीची बाजू धरली आणि १९४५ साली खाणीतील बाळंतिणींचा कायदा सुधारून घेतला. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

आज कारखान्यातील लेकीसुनांना पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. परंतु बारामती-इंदापुरात ऊसतोडीला येणाऱ्या गरोदर भगिनीला ती नाही. येत्या हंगामात मंडळाने फडावर जाऊन तिची विचारपूस करावी, हेच त्यांचे खरे स्मरण.