एंटालीच्या भूगोलाच्या बाई

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप समितीकडून आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. शाळेच्या आठवणी बाकीचे माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील, आणि डबा, छडी, सहल यांवर या अंकात निदान दहा लेख येणार हे मी पैजेवर सांगते. मग दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एक तास आठवला. साल १९७९, आपण दहावीत. भूगोलाच्या बाई वर्गात आल्या त्या युरोपचा नकाशा घेऊनच. मदर तेरेसांना शांततेचं नोबेल पारितोषिक जाहीर झालं होतं. त्या मूळच्या कुठल्या, असं बाईंनी विचारलं. कोणी कलकत्ता म्हणालं, कोणी इटली. एकाने तर छातीठोकपणे गोवा सांगितलं. (नाव लिहीत नाही, तो आता मोठा साहेब आहे.) बाईंनी युगोस्लाव्हियावर छडी ठेवली आणि स्कोपिये शोधायला लावलं. बारीक अक्षरातलं ते गाव सापडेपर्यंत अर्धा तास संपला होता.

पुढे मीही भूगोलच शिकवला. नोकरीला लागल्यावर एकदा त्यांचं चरित्र हाती आलं आणि कळलं की मदर तेरेसाही भूगोलाच्याच शिक्षिका होत्या. भूगोल आणि इतिहास, कलकत्त्याच्या एंटाली भागातली सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची मुलींची शाळा. आपल्या डोळ्यांपुढे येते ती निळ्या काठाच्या साडीतली, कमरेत वाकलेली म्हातारी. मला मात्र त्यांची खडू-फळ्याची वर्षं जास्त जवळची वाटतात, म्हणून त्यांच्यावरच लिहिते.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० चा. स्कोपिये तेव्हा तुर्की साम्राज्यात होतं, घर अल्बेनियन कॅथलिकांचं. नाव अ‍ॅग्नेस, घरातलं लाडकं नाव गोंजे, म्हणजे कळी. १९१९ मध्ये वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आईने भरतकाम करून, विकून तीन मुलं वाढवली, आणि त्या ओढग्रस्तीतही पानावर कोणी ना कोणी गरजू बसलेला असे. अठराव्या वर्षी अ‍ॅग्नेसने लोरेटो संस्थेत जोगीण व्हायचं ठरवलं, कारण या संस्थेच्या सिस्टर बंगालमध्ये काम करत. १९२८ च्या शरदात आई आणि बहीण तिला झाग्रेबपर्यंत सोडायला आल्या. माय-लेकींची ती शेवटची भेट. पुढे अल्बेनियात कम्युनिस्ट राजवट आली, आई आणि बहीण तिराना शहरात अडकल्या. जगभरचे राष्ट्रप्रमुख ज्यांना भेटायला उत्सुक असत, त्या बाईंना आईला भेटायची परवानगी मात्र मिळाली नाही. १९७२ मध्ये आई वारली, पाठोपाठ बहीणही. १९८९ मध्ये त्या अल्बेनियात पोचल्या तेव्हा भेटायला कोणी उरलं नव्हतं.

आयर्लंडमध्ये थोडे आठवडे इंग्रजी शिकून, बोटीने, ६ जानेवारी १९२९ रोजी त्या कलकत्त्याला उतरल्या. दार्जिलिंगला दीक्षेची तयारी झाली, १९३१ मध्ये पहिली व्रतं घेऊन त्या सिस्टर तेरेसा झाल्या आणि एंटालीला शिकवायला लागल्या. बंगाली इतकं सफाईदार बोलत की त्यांना बंगाली तेरेसाच म्हणत. १९४४ मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या. म्हणजे वीस वर्षांच्या आसपास ही बाई शाळेतच होती. वेळापत्रकं लावत होती, वह्या तपासत होती. आपल्याकडच्या भाषणांत ही वर्षं एका वाक्यात उरकतात. मला ते पटत नाही, कारण पुढचं सगळं या वर्षांतूनच निघालं.

शाळेला उंच भिंत होती. भिंतीपलीकडे मोतीझील नावाची झोपडपट्टी. लोरेटोच्या सिस्टरांना नियमाप्रमाणे आवाराबाहेर फारसं जाता येत नसे, पण शाळेतल्या मुलींचा एक गट फादर आंरी यांच्या प्रेरणेने त्या वस्तीत आणि जवळच्या इस्पितळात जायचा, आणि परत येऊन तिथलं सगळं सांगायचा. इथे मी वाचताना थांबले होते. विद्यार्थिनी बाईंच्या आधी वस्तीत गेल्या होत्या. बाई त्यांच्याकडून ऐकत होत्या. शिकवणाऱ्यालाच शिकवलं जातं ते असं, आणि वर्गावर उभं राहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको.

१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली. १६ ऑगस्ट १९४६ ला कलकत्त्यात दंगल उसळली. शाळेत सुमारे तीनशे मुली आणि कोठीत धान्य संपलेलं. मुख्याध्यापिका बाई नियम मोडून एकट्या रस्त्यावर गेल्या. रस्त्यात प्रेतं पडली होती. लष्कराच्या गाडीतल्या जवानांनी त्यांना अडवलं, परत पोचवलं आणि तांदळाची पोतीही दिली. नंतर महिन्याच्या आत, १० सप्टेंबरला, दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना आतून आवाज आला की शाळा सोडून गरिबांतल्या गरिबांमध्ये राहायला जायचं. श्रद्धेचा हा भाग मी त्यांच्याच शब्दांवर सोडते. पण दंगल आणि हा प्रवास यांत चार आठवड्यांचंसुद्धा अंतर नाही, हे इतिहास शिकवणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावं.

आवाज ऐकला आणि निघाल्या असं झालं नाही. आर्चबिशप पेरिए यांनी त्यांना जवळपास दोन वर्षं थांबवून ठेवलं. अखेर रोमहून परवानगी आली आणि १७ ऑगस्ट १९४८ ला त्या निळ्या काठाची पांढरी, स्वस्तातली सुती साडी नेसून शाळेच्या दाराबाहेर पडल्या. लोरेटो सोडणं घर सोडण्यापेक्षा जड गेलं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे.

तिथून त्या पाटण्याला गेल्या, मेडिकल मिशन सिस्टरांच्या इस्पितळात शुश्रूषा शिकायला. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. आपण आणि आपल्या सोबतिणी फक्त मीठ-भात खाऊन राहायचं, असा त्यांचा बेत होता. गरीब जे खातात तेच आपण. त्या अनुभवी सिस्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. क्षयाच्या वस्तीत काम करणाऱ्या मुली अशा जेवणावर वर्षभरही टिकणार नाहीत, नीट जेवायचं आणि झोपायचंही. अडतीस वर्षांच्या माजी मुख्याध्यापिकेने ते मुकाट्याने ऐकलं आणि बेत बदलला. हट्टी म्हणून त्या प्रसिद्ध होत्या, पण कुठे ऐकायचं ते त्यांना कळत होतं.

डिसेंबरात त्या परतल्या आणि मोतीझीलमध्ये आधी काय काढलं असेल? शाळाच! पाच पोरं, उघड्यावर, फळा नाही. काठीने जमिनीवर अक्षरं काढली. जुनी नोकरी सुटली, सवय सुटली नाही. त्या दिवसांच्या त्यांच्या टिपणांत पायपिटीचा थकवा आहे, भाड्याची जागा शोधून दुखणारे पाय आहेत आणि लोरेटोच्या सुरक्षित जगाची ओढही आहे. ओळखीचं सोडून गेलेल्या सगळ्यांनाच ही ओढ माहीत असते.

फेब्रुवारी १९४९ मध्ये क्रीक लेनवरच्या एका कुटुंबाने त्यांना वरच्या मजल्यावर जागा दिली. आणि १९ मार्चला दारात पहिली मुलगी उभी राहिली, सुभाषिनी दास. त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. तिने पुढे बाईंचंच मूळ नाव घेतलं, सिस्टर अ‍ॅग्नेस. पाठोपाठ मॅग्दलेना गोम्स आली, तीही त्यांच्याच शाळेतली. मग आणखी काही. जगभर पसरलेल्या या संस्थेची सुरुवात म्हणजे शब्दशः एक माजी विद्यार्थिनी मेळावा आहे, असं मी म्हटलं तर या अंकाच्या वाचकांना तरी ते खटकू नये.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. यांतल्या काही मुलींचं शिक्षण अर्धवट होतं. गरिबांची सेवा करायला निघालेल्या बाई त्यांना म्हणू शकल्या असत्या की आता कशाला परीक्षा? त्यांनी तसं केलं नाही. वस्तीतलं काम चालू ठेवून मुलींना अभ्यासाला बसवलं, स्वतः शिकवलं आणि परीक्षा द्यायला लावली. मॅग्दलेनाला तर पुढे वैद्यकीय शिक्षणाला पाठवलं. सिस्टर गरट्रूड या नावाने ती संस्थेची पहिली डॉक्टर झाली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, त्याच दहावीच्या वर्षी बोर्डाचे फॉर्म भरायच्या वेळी मी आठ दिवस शाळेत आले नव्हते. स्थळ आलं होतं, आणि लग्नच करायचं तर परीक्षेची फी कशाला, असं घरात चाललं होतं. भूगोलाच्या बाई दोनदा घरी आल्या. पहिल्यांदा वडील भेटलेच नाहीत. दुसऱ्यांदा बाई संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या. फी कोणी भरली ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. बाई, तुम्ही हे वाचाल म्हणून इतकंच लिहिते.

मदर तेरेसांची पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. ७ ऑक्टोबर १९५० ला मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता मिळाली. १९५२ मध्ये कलकत्ता महापालिकेने कालीघाटाला कालीमंदिराशेजारची यात्रेकरूंची धर्मशाळा दिली, तिथे मरणाच्या दारातल्या बेवारस माणसांसाठी निर्मल हृदय सुरू झालं. धर्मांतराच्या संशयाने विरोध झाला. मंदिरातल्या एका क्षयग्रस्त पुजाऱ्याची तिथे शुश्रूषा झाल्यावर तो निवळला, असं सांगतात. मग अनाथ बाळांचं शिशुभवन, कुष्ठरोग्यांसाठी फिरते दवाखाने. मुंबईकरांसाठी एक आठवण: १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले, जाताना आपली आलिशान मोटार मदर तेरेसांना देऊन गेले. त्या तिच्यात बसल्याच नाहीत. सोडत काढली आणि पैसे कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीला लावले. नोबेलच्या वेळीही मेजवानी रद्द करायला लावून तो खर्च गरिबांसाठी मागून घेतला.

टीकाही सांगायला हवी, नाहीतर हे आरतीचं पुस्तक होईल. त्यांच्या घरांतली वैद्यकीय व्यवस्था कच्ची होती, वेदनाशामक औषधं पुरेशी दिली जात नव्हती, असं १९९४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. हुकूमशहांकडून आलेले सन्मान आणि देणग्या यांवरही बरंच लिहिलं गेलं. मला औषधांबद्दलची टीका रास्त वाटते. पाटण्याच्या सिस्टरांकडून जेवणाबद्दल त्यांनी जे ऐकून घेतलं, तसं उपचारांबद्दल नंतर कोणाकडून घ्यायला हवं होतं. तेव्हा त्यांना बोलू शकेल असं कदाचित कोणी उरलं नव्हतं.

२००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. काम सुरू केल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं, आत नुसता अंधार होता, असं त्यांतून कळलं. काहींना हे ढोंग वाटलं. मला त्या दिवसापासून त्या जास्त आपल्या वाटू लागल्या. आतून कोरडं वाटत असताना पन्नास वर्षं रोज पहाटे उठून कामाला लागायचं, यात ढोंग कुठे?

५ सप्टेंबर १९९७ ला त्या गेल्या. तेव्हा सुमारे चार हजार सिस्टर १२३ देशांत काम करत होत्या. गणपतीचे दिवस होते, वर्तमानपत्रं डायनाच्या अपघाताने भरलेली, आणि तारीख शिक्षक दिनाची. दुसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा मी मोदकांचं पातेलं उतरवत होते.

पहिली विद्यार्थिनी सुभाषिनी, म्हणजे सिस्टर अ‍ॅग्नेस, त्याच वर्षी बाईंच्या काही महिने आधी गेली होती. दोघींची सोबत अठ्ठेचाळीस वर्षांची, शाळेतली वेगळी.

निवृत्तीनंतर मी कोलकात्याला जाऊन आले. मदर हाऊसमध्ये तळमजल्यावर त्यांची साधी पांढरी समाधी आहे, वर स्वयंपाकघराच्या माथ्यावर त्यांची खोली, अरुंद पलंग, पंखा नाही. मी बाहेर आले आणि रिक्षावाल्याला एंटालीला चल म्हटलं. शाळा सुटायची वेळ होती. दारातून मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या, आणि एक बाई कडेला उभी राहून त्यांना रस्ता ओलांडून देत होती.