व्याकरणकार लिंडले मरे

परीक्षा जवळ आली म्हणजे इंग्रजी व्याकरणाच्या नियमांची घोकंपट्टी सुरू होते, आणि हे नियम कोणा निष्ठुर मनुष्याने मुलांस छळण्याकरिताच रचिले असावेत असे पुष्कळांस वाटते. म्हणून ज्यांच्या पुस्तकाने हे नियम असंख्य शाळांत पोहोचविले, त्या लिंडले मरे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

मरे यांचा जन्म इ. स. १७४५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांती एका क्वेकर कुटुंबात झाला. वडील मोठे व्यापारी होते. एकदा वडिलांनी शिक्षा केली म्हणून हा मुलगा रागाने घर सोडून गेला. पण गेला तो कोठे, तर परगावच्या वसतिशाळेत नाव घालून शिकावयास बसला! पुढे न्यूयॉर्क येथे वकिली करून त्यांनी धन मिळविले. परंतु प्रकृती ढासळून पायांतील शक्ती जाऊ लागली. हवापालट व्हावा म्हणून १७८४ साली ते पत्नीसह इंग्लंडात गेले व यॉर्क शहराजवळील होल्गेट येथे राहू लागले.

यॉर्क येथे क्वेकरांची मुलींची शाळा होती. आपल्या विद्यार्थिनींकरिता सोपे व्याकरण लिहून द्यावे अशी तेथील तरुण शिक्षिकांनी त्यांस विनंती केली, आणि १७९५ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. आपण नियम नव्याने शोधले नसून पूर्वीच्या ग्रंथकारांचे संकलन केले आहे, हे मरे यांनी मोकळेपणाने सांगितले. अशुद्ध वाक्ये देऊन ती शुद्ध करावयास लावणारे त्यांचे अभ्यासपुस्तक १७९७ साली निघाले. हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस चांगलाच परिचित आहे!

क्रियापदाने कर्त्याचे वचन व पुरुष पाळावे, हा त्यांतील एक मुख्य नियम होय. ‘ईच ऑफ द बॉइज’ याच्यापुढे ‘आर’ नव्हे, ‘इज’ हवे. कारण कर्ता ‘ईच’ आहे, ‘बॉइज’ नव्हे. दोन नकार एकमेकांस खोडून काढतात, हा दुसरा नियम. मराठीत ‘कोणीच आले नाही’ हे शुद्ध. परंतु इंग्रजीत ‘नोबडी’ म्हटल्यावर पुन्हा ‘नॉट’ घालू नये. आमच्या मुलांची फसगत बहुधा येथेच होते. मरे यांची काही मते मात्र आज मागे पडली आहेत. वाक्याच्या शेवटी ‘प्रीपोझिशन’ आल्यास आता बहुतेक जाणते दोष मानीत नाहीत.

पुस्तकांच्या लक्षावधी प्रती खपल्या. परंतु त्यांचा नफा मरे यांनी परोपकारास दिला. अखेरची अनेक वर्षे त्यांस घराबाहेर पडता आले नाही. तशाच स्थितीत पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या ते तपासून सुधारीत राहिले. १८२६ साली ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, ज्यास दाराबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले, त्याचे पुस्तक समुद्रापार गेले. यापुढे एखादे वाक्य शुद्ध करिताना कंटाळा आला, तर त्या खुर्चीला खिळलेल्या गृहस्थाचे स्मरण करा. नियम तुम्हांस अडविण्याकरिता नव्हे, तर तुमचे म्हणणे दुसऱ्यास नीट कळावे म्हणून त्याने लिहून ठेविले.