पोलादाचा पीळ

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने एक जुना पिकअप ट्रक घेतला. आमची जमीन पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर. पावसाळ्यात तिकडची वाट म्हणजे नुसते धोंडे आणि चिखल. तेव्हा गाडीचं नाक चार बोटं उंच करून घ्यावं, म्हणून तो कराडच्या एका गॅरेजात निघाला आणि रिकामटेकडा काका म्हणून मीही शेजारी बसलो.

बँकेत असताना पीककर्जाच्या वसुलीसाठी मी जीपमधून पुष्कळ हिंडलो. त्या जीपला पुढेमागे पाटे होते. त्यांचे दणके माझी कंबर अजून विसरलेली नाही. या ट्रकला पुढे पाटे नव्हतेच. मिस्त्रींनी वाकून दाखवली ती एक साधी गोल पोलादी सळई. एक टोक चाकाच्या आर्मला जोडलेलं, दुसरं मागे चॅसीत पक्कं धरलेलं. हाच टॉर्शन बार. चाक धोंड्यावर चढलं की सळईला पीळ बसतो, उतरलं की सुटतो. ओला पंचा पिळून हात सैल सोडावा, तसं.

मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडीचं नाक वर येतं. पुतण्याला तेवढंच हवं होतं. मिस्त्रींनी मान हलवली. बोल्टने उंची मिळते, ताकद मिळत नाही, कारण सळई तीच राहते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय फार उंच केली तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात आर्म रबराच्या ठोकळ्यावर आदळतो आणि सांधे लवकर झिजतात. पुढे जड बंपर लावायचा असेल, तर सळईच जाड हवी. जाडी १० टक्क्यांनी वाढली तरी ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. म्हणून तीही बेतानेच वाढवायची, नाहीतर रिकामी गाडी उडत चालते. शेवटी थोडा बोल्ट, थोडी जाड सळई, नवे शॉकॲब्सॉर्बर आणि चाकांचं अलाइनमेंट, असं ठरलं.

घरी आल्यावर मी या सळईच्या मुळाशी जायचं ठरवलं. पोलादाच्या पिळाची कल्पना जुनीच. पण तिला मोटारीत पक्की जागा मिळवून देणाऱ्यांत एक नाव ठळक निघालं, फर्डिनांड पोर्शे.

पोर्शेचा जन्म ३ सप्टेंबर १८७५चा, बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावचा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बाप पत्र्याचं काम करणारा. मुलाने दुकान सांभाळावं ही त्याची इच्छा, तर मुलाला विजेचं वेड. दिवसा बापाच्या हाताखाली काम आणि संध्याकाळी तांत्रिक शाळेचे वर्ग, एवढंच त्याचं शिक्षण. पदवी नाही. पण १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची विजेवर चालणारी मोटार उभी होती आणि तिच्या चाकांतच मोटर बसवलेल्या होत्या. १९१७ साली व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली.

मोठमोठ्या कंपन्यांत नोकऱ्या करून १९३१ साली त्याने श्टुटगार्टला स्वतःची कचेरी थाटली. भागीदार दोन. जावई आंटोन पिएश आणि शर्यतीत मोटारी चालवणारा आडोल्फ रोझेनबर्गर. सुरुवातीच्या ओढग्रस्तीत कचेरी तगली, त्यात रोझेनबर्गरच्या पैशाचा मोठा वाटा होता. त्याच ऑगस्टमध्ये पोर्शेने टॉर्शन बारच्या पेटंटसाठी अर्ज केला. पाट्यांच्या मानाने वजन कमी, जागा थोडी. स्वस्त आणि हलक्या मोटारीला हेच हवं होतं.

१९३४ साली जर्मन सरकारसाठी लोकांची मोटार बनवण्याचं काम त्याच्याकडे आलं. किंमत हजार मार्कांच्या आत हवी, अशी हिटलरची अट. त्यातून पुढे जगाने बीटल म्हणून ओळखलेली गाडी झाली. तिच्या पुढच्या अंगाला दोन आडव्या नळ्या आणि त्यांत पोलादी पट्ट्यांच्या जुड्या, त्याही पिळाच्याच. युद्धात त्याच सांगाड्यावर लष्करी क्यूबेलवागन झाली. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद नाही, तरी वाळूत आणि चिखलात ती चालली; हलकं वजन आणि जमिनीपासूनची उंची तिच्या कामी आली.

इथपर्यंत वाचताना मी पोर्शेच्या बाजूचा होतो. पुढे माझ्यातला बँकवाला जागा झाला.

रोझेनबर्गर ज्यू होता. त्याचा १० टक्के वाटा १९३५ साली दर्शनी किमतीला, ३,००० मार्कांना, काढून घेण्यात आला. त्याच वर्षी त्याला अटक होऊन छळछावणीत टाकलं गेलं. सुटल्यावर त्याला देश सोडावा लागला. लोकांच्या मोटारीसाठी सरकारी कामगार संघटनेने बचत योजना काढली. आठवड्याला निदान ५ मार्कांची तिकिटं पुस्तकात चिकटवायची. व्याज नाही. सुमारे ३ लाख ३६ हजार जणांनी पैसे भरले. गाडी एकालाही मिळाली नाही. आणि कारखान्यात युद्धकाळात सुमारे २० हजार माणसांना सक्तीने राबवलं गेलं. पोलंड आणि रशियाकडून आणलेल्या मजूर बायांची तान्ही मुलं काढून घेऊन एका घरात ठेवली जात. तिथे तीनशेहून अधिक बाळं दगावली.

बचत योजना पोर्शेने चालवली नव्हती. पण कारखान्याच्या कारभारात तो होता, पक्षाचा सभासद होता, आणि मजूर मिळावेत म्हणून त्याने वरपर्यंत वजन वापरलं होतं. त्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला मला जागा सापडत नाही.

डिसेंबर १९४५मध्ये फ्रेंचांनी त्याला पकडलं. वीस महिने तुरुंगात काढून तो जामिनावर सुटला. पुढे त्या खटल्यातून निर्दोषही ठरला. नोव्हेंबर १९५०मध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात जाऊन त्याने आपली बीटल मोठ्या संख्येने तयार होताना पाहिली. त्याच महिन्यात त्याला पक्षाघात झाला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी तो गेला.

आता खातेवही पाहा. प्रत्येक बीटलमागे पोर्शेच्या कंपनीला मोबदला देण्याचा करार झाला १९४८ साली. रोझेनबर्गरशी तडजोड झाली १९५० साली; ५० हजार मार्क आणि एक मोटार. बचत करणाऱ्यांचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालून १९६१ साली मिटला. नवी गाडी घेतल्यास जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, नाहीतर रोख १०० मार्क. आणि सक्तीने राबलेल्यांसाठी कारखान्याने निधी काढला १९९८ साली. तोवर त्यांतले किती जिवंत उरले असतील? बँकेत आम्ही बघायचो, की ज्याची निकड मोठी त्याचीच फाईल तळाशी असते. इथेही तेच.

पुतण्याचा ट्रक या पावसाळ्यात धोंड्यांवरून बिनतक्रार वर चढला. मी शेजारी बसलो होतो आणि कंबर दुखली नाही. त्या सळईचं श्रेय पोर्शेला द्यायला माझी हरकत नाही. पण घरी आल्यावर पुतण्याच्या पोरांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा सळईपाशी थांबलो नाही. पाच-पाच मार्कांच्या तिकिटांचीही सांगितली, आणि त्या बाळांचीही.